परक्याला वाचता येईल अशी फाईल

सरांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या असे, आणि तांब्यावर झाकण म्हणून एक काळी फ्लॉपी. त्या काळात फ्लॉपीला आम्ही देवघरातल्या वस्तूसारखं जपत होतो. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं, फ्लॉपी कडेनेच धरायची, धूळ बसू द्यायची नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी ते झाकण पाहून मी घाबरले आणि म्हणाले, "सर, फ्लॉपी ओली होईल."

"होऊ दे अम्मा," ते म्हणाले. "हिचा आता हाच उपयोग."

त्या फ्लॉपीत त्यांच्या तरुणपणातले भाताचे प्रयोग होते. समुद्राकडच्या कुठल्यातरी केंद्रावर त्यांनी कैक हंगाम चिखलात उभं राहून केलेली मोजमापं. ज्या प्रोग्रामात ती भरली होती, तो प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीने बंद केला. जे मशीन तो चालवत होतं ते भंगारात गेलं. भरणारा माणूस नोकरी सोडून परदेशी गेला. आत सगळं जसंच्या तसं होतं म्हणे, फक्त जगातल्या कुठल्याच मशीनला ते वाचता येत नव्हतं. सर तांब्यावरून फ्लॉपी उचलत, पाणी पीत आणि पुन्हा झाकण ठेवत. दिवसातून अनेकदा. मला वाटतं ती त्यांची संध्या होती.

आमचं प्रयोगक्षेत्र आदिलाबादहून उटनूरला जाणाऱ्या रस्त्यावर होतं. एका बियाणे संस्थेचं. कापसाची वेगवेगळी वाणं शेजारी-शेजारी लावायची, कुठलं किती पिकतं ते मोजायचं आणि आकडे हैदराबादच्या मुख्य ऑफिसला पाठवायचे. मी आदिलाबादच्या भाजीवाल्याची मुलगी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, वर सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि या केंद्रावर आकडे भरायला लागले. नोकरी तात्पुरती होती, प्रकल्प असेपर्यंतच. माझे वडील मात्र गल्लीत सांगत, "पोरगी सायंटिस्ट लोकायच्या हापिसात हाये."

सर तेलुगू होते, मुलीच्या वयाच्या मलाही तिकडच्या रीतीने अम्मा म्हणत, पण मराठी अस्खलित बोलत. अडचण एवढीच की ती त्यांनी कापूस वेचायला येणाऱ्या बायांकडून शिकली होती. हैदराबादहून आलेल्या मोठ्या साहेबांनाही ते "काऊन जी, जेवून राह्यले का?" असं विचारत. मराठी समजणारे गालात हसत. सरांना त्याचं काही नव्हतं. "मले सरूबाईनं शिकवलं," ते अभिमानाने सांगत, जसं कोणी आपल्या विद्यापीठाचं नाव सांगावं. सरूबाई म्हणजे वेचणाऱ्या बायांची म्होरकी. ती सरांना सायेब म्हणायची आणि गरज पडली तर रागवायचीही.

माझ्या पहिल्याच आठवड्यात मी एक प्लॉट शून्य भरला. वेचणीच्या तक्त्यात त्या जागी काही लिहिलेलंच नव्हतं, म्हणून मी शून्य टाकलं. कोर्समध्ये तसंच शिकवलं होतं, जागा रिकामी ठेवू नये म्हणून. सरांनी छापील कागद हातात घेतला आणि माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले.

"अम्मा, या प्लॉटात कापूसच नाई निघाला का?"

"निघाला असता सर, पण रानडुकरांनी झाडं मोडली. वेचणीच झाली नाही."

"मग हे शून्य कोणी मोजलं? डुकरानं?"

ते शेजारच्या खुर्चीवर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शून्य म्हणजे आपण गेलो, मोजलं, आन् काई नाई भेटलं. ती बातमी हाये. नाई मोजलं म्हणजे नाई मोजलं. ती वेगळी बातमी हाये. दोनी बातम्या एका खड्ड्यात नको पुरू."

तेव्हापासून आमच्या फाईलीत न मोजलेल्या जागी एक टिंब असे आणि फाईलच्या शेवटी प्रत्येक टिंबाचं कारण. डुकरं. नाला फुटला. गावात लग्न, बाया आल्या नाहीत. तराजूचा काटा अडकला. मुख्य ऑफिसात ही यादी मोठ्याने वाचून हसत, हे आम्हाला तिथल्या टायपिस्टने सांगितलं. सरांनी ऐकलं आणि खूश झाले. "हसले म्हणजे समजलं," ते म्हणाले.

पण सरांचं खरं वेड पुढेच होतं. कुठलीही फाईल तयार झाली की ती ते परक्या माणसाला वाचायला देत. परका म्हणजे ज्याचा कापसाशी, प्रयोगाशी, आमच्याशी संबंध नाही असा. फाईल साध्या अक्षरांत असायची, कुठलंही मशीन दाखवील अशी, आणि शाळेतल्या इंग्रजीत. वरच्या बाजूला ती स्वतःची ओळख सांगायची: मी कुठल्या शेताची, कुठल्या हंगामाची, मला कोणी मोजलं, कशाने मोजलं, कोणी टाईप केलं, प्रत्येक रकान्यात काय आहे आणि ते कुठल्या मापात आहे. सर तो कागद घेऊन आदिलाबादला जात. स्कूटरवर मागे मी, मांडीवर कागदांची गुंडाळी. मग मेडिकल दुकानदार, कापूस बाजारातला दलाल, तहसिलीतला निवृत्त पेशकार, जो इंग्रजी वाचणारा सापडेल त्याच्यासमोर कागद ठेवून ते म्हणत, "यात काय लिवलं ते मले सांगा."

नियम कडक होता. वाचणाऱ्याने एकही प्रश्न न विचारता सगळं सांगितलं, तर फाईल पास, आणि मग सर समोरच्या टपरीवर चहा पीत. त्याने एक जरी प्रश्न विचारला, तरी फाईल नापास. मग चहा नाही. तसंच परत फिरायचं, दुरुस्त करायचं.

पेशकारसाहेब मोठे करारी. चष्मा पुसून त्यांनी कागद वाचायला घेतला आणि दुसऱ्याच रकान्यावर बोट ठेवलं. "साहब, ये तीन हरूफ क्या बला है?"

आम्ही उत्पन्नाचं नाव तीन अक्षरांत आखडून लिहिलं होतं. कापसात काम करणाऱ्या सगळ्यांना ते कळतं.

"चला," सर मला म्हणाले.

"सर, चहा?" उन्हातून आलो होतो, माझा घसा कोरडा पडला होता.

"कोणता चहा? नापास झालो आपण."

परतीच्या वाटेवर ते स्वतःशीच बोलत होते, "बराबर हाये त्याचं. तीन अक्षर वाचवून आपण काय बंगला बांधणार होतो?" दुसऱ्या दिवशी रकान्याचं नाव झालं: या प्लॉटमधून वेचलेल्या सरकीसकट कापसाचं वजन, ग्रॅममध्ये.

रेल्वे स्टेशनचे मास्तर सगळ्यांत उत्साही. दुपारी गाडी नसे, तेव्हा ते फाईल वाचायला तयारच असत. दोन-तीन हंगामांनंतर तर कागद न उघडताच सांगू लागले, "टिंब म्हणजे मोजलं नाही, कारण खाली." सरांचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मास्तर गेले आपल्या हातून."

"काय झालं सर? सगळं बरोबर सांगितलं त्यांनी."

"तेच तर झालं. ते आता परके नाई राह्यले."

त्या दिवशी चहा प्यायला की नाही ते आठवत नाही. पण मास्तरांना पुन्हा कधी फाईल दाखवली नाही. मास्तर बिचारे मला बाजारात भेटले की विचारायचे, "मॅडम, माझं काही चुकलं का?"

एकदा मी सरांना विचारलं होतं, की आपली फाईल वाचणार तर कापसातलेच लोक, मग पेशकारांना कळून काय उपयोग. त्यांनी तांब्यावरची फ्लॉपी उचलून माझ्यापुढे धरली. "हे मी माह्यासाठी लिवलं होतं. मले सगळं मालूम होतं, म्हणून काईच नाई लिवलं. आता मलेच नाई मालूम. वीस वर्सांनी आपुनच परके होतो अम्मा." एवढं बोलून ते पाणी प्यायले.

आता त्या कापसाबद्दल. उटनूरच्या बाजूच्या एका जंगलातल्या गावात, मुरमाड चढावर, सरांना देशी कापसाची काही झाडं सापडली होती. पावसाने ओढ दिली तरी तग धरणारी. त्यांनी बी आणलं, निवडत-निवडत त्याचं एक वाण तयार केलं आणि आमच्या प्रयोगात लावलं. कागदावर त्याला नुसता एक नंबर होता. बाया मात्र त्याला सायेबाचा कापूस म्हणायच्या. दोन हंगाम तो तुलनेच्या वाणापेक्षा सरस ठरला होता. तिसऱ्या हंगामातही ठरला, तर संस्था त्याचं बी वाढवून शेतकऱ्यांना देणार होती आणि आमचा प्रकल्प पुढे चालणार होता. म्हणजे माझी नोकरीही. घरी वडिलांना मी हे सांगितलं होतं. ते रोज विचारायचे, "त्या कापसाचं काय म्हन्ते?"

तिसऱ्या हंगामातही तो पहिला आला. फार नाही, पण अटीत बसेल इतका पुढे. शेवटच्या वेचणीचे आकडे भरून झाले तेव्हा संक्रांत आली होती. सर त्यांच्या समुद्राकडच्या घरी निघाले होते. जाताना म्हणाले, "आदिलाबादमधे आता कोणी परकं नाई उरलं. तूच परकी हो. घरी जा, फाईल इसरून जा, मंग ये आन् वाच."

मी घरी गेले. पहाटेच वडील भाजीचे ढीग मांडत होते. पालकाच्या ढिगावर ते हाताने पाणी शिंपडत होते, रोज शिंपडतात तसं. एक नेहमीचं गिऱ्हाईक थट्टेत म्हणालं, "पाटील, पालक तोलून राह्यले का पानी?"

"घ्या ना जी, पानी फुकट," वडील म्हणाले, आणि दोघं हसले. मीही हसले. लहानपणापासून मी हे ऐकत आले होते.

सुट्टी संपवून आले, फाईलचा कागद घेतला, आणि परकी होऊन वाचायला बसले. वरची ओळख. रकान्यांची नावं. वजन. वेचलं कोणी. वेचून तोललं किती वाजता. सरांच्या फाईलीत वेळेचा रकाना असायचा. कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "मालूम असलं तर लिवायचं," एवढंच. मी वेळा वाचत गेले आणि हात थांबला. सायेबाच्या कापसाचे सगळे प्लॉट सकाळी सात, साडेसातला तोललेले. बाकीचे उन्हं वर आल्यावर. मागच्या दोन हंगामांच्या फाईली काढल्या. तिथेही तेच. मार्गशीर्ष-पौषातल्या आमच्याकडच्या सकाळी म्हणजे दंवाने कपडे ओले होतात.

मला वडिलांचा पालक दिसला.

सर आले त्या सकाळी मी त्यांच्या टेबलावर कागद ठेवला. काय बोलावं ते ठरवलं होतं, ते सगळं विसरले. "सर, एक प्रश्न आहे," एवढंच म्हणाले.

"म्हणजे नापास," ते हसत म्हणाले. मग मी वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यांनी तो वरून खाली वाचला. पुन्हा वाचला. मग फ्लॉपी उचलली, पाणी प्यायले, आणि या वेळी फ्लॉपी परत ठेवायची विसरले.

दुसऱ्या सकाळी आम्ही शेतात गेलो. झाडांवर उशिरा फुटलेली थोडी बोंडं होती. सरांनी दंव असतानाच ती वेचून तोलली, ताडपत्रीवर उन्हात पसरली आणि दुपारी पुन्हा तोलली. दोन्ही वजनांतला फरक आणि त्यांच्या वाणाची आघाडी जवळजवळ सारखीच निघाली. तेवढ्यात सरूबाई बांधावरून येताना दिसली.

"सरूबाई," त्यांनी हाक मारली, "माहा कापूस तुमी सकाळीच काऊन वेचता जी?"

"मंग!" सरूबाई पदर खोचत म्हणाली. "सायेबाचा कापूस हाये. पयले त्याले हात लावल्याबिगर आमी दुसऱ्याले नाई लावत. बरकत असते."

"हरसाल?"

"हरसाल. मीच सांगून ठेवलं बायाईले." मग आमची तोंडं पाहून तिला शंका आली. "काऊन जी? चुकलं का काई? आमी बुडवलं का सायेब तुमाले?"

सर एकदम खळखळून हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "बुडवलं नाई सरूबाई. तुमी वाढवला माहा कापूस. जरा जास्तच वाढवला."

तिला समजावून सांगितलं तेव्हा ती बांधावरच बसली. सर तिच्याशेजारी बसले आणि तिने दिलेला तंबाखूचा विडा त्यांनी तोंडात धरला. ते दोघं तिथे किती वेळ बसले होते कोण जाणे. मी शेडमध्ये निघून आले.

आणि आता मला जे सांगायचं आहे ते हे. सरांना काहीच करायची गरज नव्हती. मुख्य ऑफिसने त्याच वर्षी नवा प्रोग्राम पाठवला होता. सगळ्या केंद्रांनी आकडे त्यातच भरून फ्लॉपी पाठवायची होती. त्या साच्यात वाणाचा नंबर, प्लॉट आणि वजन, एवढेच रकाने होते. वेळेला जागाच नव्हती. वेचणाऱ्या बाईलाही नव्हती. हुकमाप्रमाणे नव्या साच्यात आकडे भरून पाठवले असते, तर त्यात एकही अक्षर खोटं नसतं, वाण पास झालं असतं, आणि दंव कुणालाही कधीही दिसलं नसतं.

सरांनी दंवाचं आणि वेळेच्या रकान्याचं वर कळवलं, तेव्हा हैदराबादहून फोन आला. मोठ्या साहेबांचा आवाज शेजारी बसलेल्या मलाही ऐकू येत होता. सरांचं भलं चिंतणारा माणूस होता तो. "वेळेचा रकाना आम्ही मागितलाय का? मग कशाला पाठवता? नव्या साच्यात पाठवा आणि मोकळे व्हा."

"पाठवतो जी," सर म्हणाले. "पण तुमचा साचा म्हणजे पेटी हाये. कुलूप हाये, किल्ली कंपनीपाशी. मी पेटी पाठवतो, आन् संगं उघडी फाईल पन पाठवतो. कोनाले वाचाची असंल तर."

फोन ठेवून त्यांनी मला फाईल उघडायला सांगितली. सगळ्यांत वर, ओळखीच्याही आधी, त्यांनी ओळी सांगितल्या आणि मी टाईप केल्या. आशय असा होता: वाचणाऱ्याने आधी वेळेचा रकाना पाहावा. या नंबरचं वाण तिन्ही हंगामांत दंव असताना वेचून तोललं गेलं आहे. म्हणून त्याची आघाडी खरी मानू नये. बायांनी हे प्रेमापोटी केलं. त्यांच्यावर नजर ठेवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. शेवटी त्यांनी एक ओळ माझ्याकडे न पाहता सांगितली: ही गोष्ट ज्यांनी दाखवली त्यांचं नाव. मी थांबले.

"टाईप कर अम्मा. तुले येत नाई का तुझं नाव?"

त्या फाईलीच्या नकला ज्याने-ज्याने मागितल्या त्याला त्यांनी पाठवल्या. रागवलेल्या मुख्य ऑफिसने तरी एक हंगाम आणखी दिला. या वेळी सगळा कापूस सुकवून तोलला. सरूबाईने सायेबाच्या प्लॉटांना सगळ्यांत शेवटी हात लावला, आणि लावताना दर वेळी पुटपुटली. तो कापूस मधोमध आला. पहिला नाही, शेवटचाही नाही. संस्थेने बी वाढवलं नाही. थोडं सांभाळून मात्र ठेवलं. सरांनी निकाल वाचला आणि मला म्हणाले, "मधला हाये. पण खरा मधला हाये." त्यांच्या आवाजात जो आनंद होता, तो पहिल्या तीन हंगामांत मी कधी ऐकला नव्हता.

प्रकल्प बंद झाला. सर निवृत्त होऊन समुद्राकडे गेले. तांब्या नेला, फ्लॉपीही नेली.

वडिलांनी मला एकदाच विचारलं, "तू सांगतलं नसतं तं?" मी म्हणाले, "तुम्ही पालकावर पाणी मारता ते दिसलं, म्हणून सांगितलं." ते म्हणाले, "आपलं पानी सगळ्याईले दिसते बाई. लपवून नाई मारत आपुन."

पुढे एका कॉलेजला कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेसाठी माणूस हवा होता. मुलाखतीला बोलावणं आलं. बाकीचे उमेदवार हैदराबाद, नागपूरचे, जाड-जाड प्रमाणपत्रं घेऊन आलेले. माझ्याकडे अनुभवाचा दाखला म्हणून त्या फाईलचा छापील कागद होता. मी तो पुढे ठेवला आणि म्हणाले, "यात काय आहे ते कृपया वाचून पाहा."

समोरचे गृहस्थ गणिताचे होते. कापसाशी त्यांचा काही संबंध नसावा. त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं पान, दुसरं. टिंबांची कारणं आली तेव्हा ते थोडे हसले. बायांची नावं वाचताना हळू झाले. मग पहिल्या पानावर परत गेले, वरच्या ओळी पुन्हा वाचल्या, तिथल्या नावावर नजर थांबली, आणि त्यांनी माझ्या अर्जावरचं नाव पाहिलं. ते काय विचारतील याची मी वाट पाहत होते.

त्यांनी कागद नीट जुळवून माझ्याकडे परत दिला. "मला यात काही विचारायचं नाही," ते म्हणाले.

बाहेर आले तेव्हा निकाल लागायचा होता. रस्त्यापलीकडे टपरी होती. मी रस्ता ओलांडला आणि चहा सांगितला.